वालधुनीच्या काठाने : पंचनाम्यात बाईचे नाव कुठे?

कल्याण सोडून कर्जतच्या दिशेने लोकल निघाली की पहिले स्टेशन लागते ते विठ्ठलवाडी. त्यापुढे उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर. मुंबईहून येणाऱ्या कित्येकांना विठ्ठलवाडी म्हणजे डब्याच्या दारातून क्षणभर दिसणारी एक पाटी, एवढेच ठाऊक असते. परंतु स्टेशनबाहेर पडून जरा पायी चालले तर कळते, की या लहानशा नावामागे कष्टकऱ्यांचे एक मोठे जग उभे आहे. एका बाजूला कल्याण पूर्वेच्या चाळी आणि एस. टी. चा डेपो, दुसऱ्या बाजूला उल्हासनगरचे कॅम्प, आणि रुळांपासून फार लांब न जाता वाहणारी वालधुनी.

आमच्या महिला मंडळाच्या चौघीजणी आणि दोन कार्यकर्ते असे आम्ही एका रविवारी या नदीच्या काठाने फिरलो. देवदर्शन किंवा सहल असा हेतू नव्हता. पूर येतो आणि ओसरतो, वर्तमानपत्रात पाण्याचे फोटो छापून येतात आणि चार दिवसांनी सगळे विसरतात. पण पाणी ओसरल्यावर घर पुन्हा उभे कोण करते, आणि सरकारी कागदावर ते घर कोणाचे म्हणून लिहिले जाते, हे आम्हाला पाहायचे होते.

नदी की नाला?

वालधुनी अंबरनाथकडच्या काकोळे परिसरातील डोंगरातून निघते. अंबरनाथचे प्रसिद्ध शिवमंदिर हिच्याच काठावर आहे. शिलाहार राजांच्या काळातील, इ. स. १०६० चे हे देऊळ. म्हणजे साडेनऊशे वर्षांपूर्वी ही नदी इतकी मानाची होती की राजाने तिच्या काठावर दगडात कोरीवकाम करून घेतले. तेथून ती उल्हासनगरातून, विठ्ठलवाडीवरून कल्याणला येते व उल्हासच्या खाडीला मिळते. आज काठावरच्या मुलांना विचारले तर ती 'नाला' म्हणतात. मुलांचा दोष नाही. कारखान्यांचे रसायन, जीन्स रंगवण्या-धुण्याच्या धंद्याचे निळे पाणी, शहरांचे सांडपाणी आणि प्लास्टिक हे सारे वर्षानुवर्षे या नदीने पोटात घेतले. भराव टाकून टाकून तिचे पात्र अरुंद झाले. पावसाळ्यात मात्र ती आपली जागा परत मागते, आणि ती जागा आता आपल्या लोकांच्या घरांखाली आहे.

आपले लोक काठावर का राहिले, हा प्रश्न बाहेरची माणसे सहज विचारतात. उत्तर सोपे आहे. शहाडची सेंच्युरी रेयॉन, अंबरनाथचा दारूगोळा कारखाना, आगपेटीचा कारखाना, पुढे एम. आय. डी. सी. चे छोटे-मोठे कारखाने, येथे हात हवे होते. हातांना राहण्यासाठी घर मात्र कोणी दिले नाही. खानदेश, विदर्भ, कोकण आणि मराठवाड्यातून माणसे आली. १९७२ च्या दुष्काळाने तर गावेच्या गावे हलली. ज्यांच्याकडे गावी गुंठाभर जमीन नव्हती त्यांना शहरातही उंचावरची जागा मिळाली नाही. जेथे भाडे कमी, जेथे कोणी हाकलत नाही, तेथे पत्रा उभा राहिला. ती जागा बहुतेक वेळा नाल्याच्या नाहीतर नदीच्या काठाची होती.

२६ जुलै २००५

त्या मंगळवारी मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस मोजला गेला. राज्यात हजाराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. महाड तालुक्यात दरडी कोसळून गावे गाडली गेली. मुंबईच्या मिठी नदीची चर्चा देशभर झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण त्याच दिवशी उल्हास आणि वालधुनी या नद्यांनी बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर व कल्याणच्या सखल भागांत हाहाकार केला. रेल्वे बंद, वीज बंद, टेलिफोन बंद. कामावर गेलेले पुरुष तिकडेच अडकले. घरी होत्या त्या बायका, म्हातारी माणसे आणि शाळेतून परतलेली पोरे.

काठावरच्या वस्तीतील वयस्क मावश्या त्या रात्रीविषयी बोलताना पाण्याची उंची फुटांत सांगत नाहीत. पाणी मोरीच्या कट्ट्याला लागले, मग शेगडीच्या ओट्याला, मग देवळीतल्या बाबासाहेबांच्या तसबिरीला, अशी त्यांची मोजणी असते. मुले पोटमाळ्यावर चढवली, सासूला शेजारच्या पक्क्या घराच्या जिन्यावर बसवले, गॅसचे सिलिंडर दोरीने बांधले, ही कामे त्यांनी केली. मोठ्या संकटात माणसे वाचतात ती प्रथम शेजाऱ्यांमुळे, आणि दिवसाउजेडी वस्तीत शेजारी म्हणून हजर असतात त्या बायाच. तरीही आपत्तीच्या बातमीत बाई दिसते ती रडताना. वाचवताना दिसत नाही.

पाणी ओसरले की खरे काम सुरू होते. चिखल काढायचा घमेल्याने. भिंत, भांडी, पिंपे धुवायची, आणि धुवायला स्वच्छ पाणी नाही, म्हणून ते लांबून आणायचे हंड्या-कळशीने. भिजलेले धान्य वाळवायचे, त्यातले खाण्याजोगे निवडायचे. २००५ च्या पुरानंतर मुंबई आणि आसपास लेप्टोस्पायरोसिसची, तापाची साथ आली. आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढायची तीही तिनेच. सार्वजनिक संडास चिखलाने भरलेले, म्हणून बायकांनी उजाडण्याआधी किंवा अंधार पडल्यावर आडोसा शोधायचा. पाळी आलेल्या मुलीने काय करायचे, बाळंतीण कोठे निजवायची, याचा विचार मदतीच्या पुडक्यांत क्वचितच असतो. तांदूळ येतो, चादर येते. ते यायला हवेच. पण पुडके बांधणाऱ्यांत बाई असती तर त्यात आणखी चार वस्तू आल्या असत्या.

पंचनामा कोणाचा?

मग येतो पंचनामा. महसूल खात्याचे किंवा नगरपालिकेचे कर्मचारी वस्तीत येतात, नुकसान पाहतात, यादीत नाव लिहितात. या एका कागदावर पुढची सारी मदत अवलंबून असते. कर्मचारी दारात उभे राहून विचारतात, घरमालक कोण? बाई घरात असते, तीच उत्तर देते, आणि नाव सांगते नवऱ्याचे. नवरा वारला असेल तर सासऱ्याचे किंवा दिराचे. नवऱ्याने टाकले असेल तर तिची जीभ अडखळते. भाड्याने राहत असेल तर नाव लागते मालकाचे, भिजलेला संसार मात्र तिचा.

उल्हासनगर-विठ्ठलवाडीच्या घराघरांत जीन्सचे धागे कापण्याचे काम बायका करतात. कोणी पापड लाटते, कोणी शिलाई मशीन चालवते. घर हाच त्यांचा कारखाना. पुरात दुकान बुडाले तर ते दुकान म्हणून लिहिले जाते, गोदाम बुडाले तर गोदाम म्हणून. पण बाईच्या खोलीतले मशीन बुडाले तर ते 'घरगुती सामान' होते. तिचा रोजगार बुडाला हे कोणत्याच रकान्यात येत नाही. ठेकेदाराचा माल भिजला तर त्याची भरपाई उलट तिच्याच मजुरीतून कापली जाण्याची भीती.

मदतीचा धनादेश ज्याच्या नावाचा, पैसा त्याच्या हातात. आपल्या वस्त्यांत दारूने किती संसार बुडवले हे आपण जाणतो, त्यावर इथे पाल्हाळ लावत नाही. पण पुराच्या मदतीचे पैसे गुत्त्यावर गेले आणि पत्रे विकत घेण्यासाठी बाईला सावकाराकडे जावे लागले, असे घडू शकते ते केवळ नाव एकाचे आणि कष्ट दुसरीचे म्हणून.

छावणीचे शहर

ही गोष्ट वालधुनीच्या काठाला नवी नाही. उल्हासनगर हे शहरच एका महान आपत्तीतून जन्मले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात येथे लष्कराची छावणी होती. १९४७ ला फाळणी झाली आणि सिंधमधून घरदार सोडून आलेल्या निर्वासितांना या बराकींत ठेवण्यात आले. १९४९ साली गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. कॅम्प नंबर एक ते पाच ही नावे आजही पत्त्यात आहेत.

बराकींत आलेल्या सिंधी बायकांनी पापड-लोणची केली, शिवणकाम केले, मुलांना शिकवले. कालपर्यंत उंबऱ्याआत असलेल्या बाईने बाजारात बसून पैसा मिळवला. भारत सरकारने त्या वेळी निर्वासित स्त्रियांसाठी पुनर्वसन खात्यात निराळा महिला विभाग उघडला होता व त्याची जबाबदारी रामेश्वरी नेहरू यांच्याकडे होती. बाईची गरज निराळी असते हे स्वतंत्र भारताच्या सरकारला पहिल्याच वर्षी मान्य करावे लागले होते. पुढे मागे राहिलेल्या मालमत्तेची भरपाई वाटण्यासाठी १९५४ चा कायदा आला. भरपाई मिळाली ती ज्याच्या नावावर मालमत्ता होती त्याला. ज्या काळात बाईच्या नावावर घर नसायचेच, त्या काळात ती कोणाला मिळाली असेल हे सांगण्याची गरज नाही.

सिंधी बराक आणि दलित झोपडी यांच्यात भाषेचे, जातीचे, पैशाचे अंतर आहे. पण घर हरवलेल्या बाईला कागद विचारणारा साहेब दोन्हीकडे तोच.

किल्लारीच्या बायांनी काय केले

वस्तीत फिरताना लातूर-उस्मानाबादकडची (उस्मानाबाद म्हणजे आताचा धाराशिव) बरीच घरे भेटली. दुष्काळात आलेल्यांची ती दुसरी-तिसरी पिढी. बोलता बोलता गाडी वळली ती भूकंपाकडे. आणि आम्हाला हवे होते ते उदाहरण तेथे सापडले.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. चार वाजायला चार मिनिटे कमी असताना किल्लारी आणि भोवतालची गावे हादरली. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झाले होते. दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदावरची मणामणाची माती झोपलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे आठ हजार माणसे गेली. बावन्न गावे पूर्ण उद्ध्वस्त झाली आणि त्यांचे नव्याने पुनर्वसन करावे लागले. ज्यांची घरे तडकली, खचली अशी गावे हजाराच्या वर होती.

पुनर्वसनाच्या नव्या घरांचा आकार ठरला तो जमिनीवरून. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यास २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यास ४००, सात हेक्टरच्या वर असणाऱ्यास ७५० चौरस फूट. वाचकांनी हे आकडे पुन्हा एकदा वाचावेत. भूकंपाने वाड्यात आणि झोपडीत भेद केला नव्हता. पण पुनर्वसनाने केला. पिढ्यान् पिढ्या ज्यांना जमीन मिळू दिली गेली नाही, त्यांना त्याच कारणासाठी सर्वांत लहान घर. आणि ज्यांच्या नावावर कोणत्याच जातीत जमीन नव्हती त्या बायांचे तर यादीत स्थानच नव्हते.

पण याच भूकंपात दुसरीही एक गोष्ट घडली. तडकलेली घरे दुरुस्त व मजबूत करण्याचा जो मोठा कार्यक्रम सरकारने जागतिक बँकेच्या कर्जातून हाती घेतला, त्यात पैसा थेट कुटुंबाला देऊन घर त्यांनीच बांधायचे होते. इंजिनिअर यायचे, पुरुषांशी चावडीवर बोलायचे, निघून जायचे. घरात माहिती पोहोचत नव्हती. तेव्हा प्रेमा गोपालन यांच्या पुढाकाराने काम करणाऱ्या 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेला लोकसहभागाचे काम सोपवण्यात आले. हजाराहून अधिक गावांत महिला मंडळांतून बायकांना 'संवाद सहायक' म्हणून नेमले गेले.

या संवाद सहायक म्हणजे कोणी शिकून आलेल्या बाया नव्हेत. शेतात खुरपायला जाणाऱ्या, डोक्यावर पदर घेणाऱ्या. त्यांनी योजना समजून घेतली आणि घरोघर समजावली. किती हप्ते, कोणत्या कामाला किती, हे विचारायला त्या कचेरीत गेल्या. भिंतीचे दोन थर एकमेकांत कसे बांधावेत, कोपरे कसे आवळावेत, माळवदावरची माती का कमी करावी, हे त्या शिकल्या. गवंड्याने काम नीट केले नाही तर त्याला थांबवू लागल्या. ज्या बाईला घरात कुणी 'तुला काय कळते' म्हणत होते, तिला इंजिनिअरशी बोलताना गावाने पाहिले.

भूकंपाचे काम संपल्यावर ही मंडळे घरी बसली नाहीत. बचत गट झाले, पाण्याचा, रेशनचा, दवाखान्याचा प्रश्न त्यांनी हाती घेतला. २००१ साली गुजरातेत भूकंप झाला तेव्हा लातूरकडच्या बाया कच्छला गेल्या. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूतही त्यांचा अनुभव पोहोचला. भाषा येत नव्हती, पण पडलेले घर पाहून काय विचारायचे ते ठाऊक होते. पुढे मराठवाड्यात दुष्काळ पडू लागले तेव्हा याच चळवळीतील स्त्रियांनी नवऱ्याकडून, सासऱ्याकडून एक एकर, अर्धा एकर जमीन स्वतः ठरवून कसण्यासाठी मागितली. तीत ऊस किंवा सोयाबीन एकटेच न लावता घरात खायला लागणारी धान्ये, कडधान्ये, भाज्या कमी पाण्यावर घेतल्या. पीक बुडाले तरी चूल विझू नये हा हिशेब. या कामासाठी २०१६ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार संस्थेला मिळाला. प्रेमाताई २०२२ साली गेल्या. त्यांनी उभे केलेले काम बायकांच्या हातात आहे.

किल्लारीहून आपण हे शिकायचे की बायकांना समितीत बसवणे म्हणजे त्यांच्यावर मेहेरबानी नव्हे. त्याने घरे पक्की झाली, पैसा घरात पोहोचला.

कायदा काय म्हणतो

समुद्रापलीकडचे आणि परप्रांतातील अनुभवही हेच सांगतात. २००४ च्या त्सुनामीत किनाऱ्यावरच्या कित्येक गावांत पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक मेल्या. ऑक्सफॅम या संस्थेने २००५ साली हे मांडले. पुरुष होडीतून समुद्रात होते, तेथे लाट कळलीही नाही. बाया किनाऱ्यावर मासळीची वाट पाहत होत्या, कडेवर मुले होती, आणि पोहायला त्यांना कोणी शिकवले नव्हते. त्याच त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या काही छावण्यांत दलितांना वेगळे ठेवले गेले, पाण्याला अडवले गेले, ही गोष्टही नोंदली गेली आहे. दलित बाई या दोन्ही रांगांत शेवटी उभी होती.

म्हणूनच कायदा हातात हवा. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ सालच्या डिसेंबरात झाला. त्याचे कलम ६१ स्पष्ट सांगते, की भरपाई व मदत देताना लिंग, जात, समाज, वंश किंवा धर्म यांवरून भेदभाव करता येणार नाही. विधवा आणि अनाथांसाठी खास तरतुदी कराव्यात असेही या कायद्यात आहे.

घरातील हक्काचा कायदा त्याहून जुना आहे आणि त्यामागे परमपूज्य बाबासाहेबांचे कष्ट आहेत. मुलीला वारसा मिळावा, बाईची मालमत्ता तिचीच असावी, यासाठी कायदामंत्री म्हणून त्यांनी हिंदू कोड बिल मांडले. ते अडवले गेले तेव्हा सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. बिलाचे तुकडे पुढे वेगवेगळ्या कायद्यांच्या रूपाने आले. त्यांपैकी वारसा कायदा जून १९५६ चा. त्याचे नाव हिंदू वारसा कायदा असले तरी तो बौद्धांनाही लागू आहे, तसे त्यात स्पष्ट लिहिले आहे. म्हणून आपल्यात कोणी 'आपण धर्म बदलला, तो कायदा आपला नव्हे' असे सांगून बहिणीला किंवा विधवा सुनेला बाजूला सारत असेल तर ते खोटे आहे.

महाराष्ट्राने १९९४ साली, म्हणजे किल्लारीच्या दुसऱ्याच वर्षी, मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाबरोबरीचा हक्क दिला. केंद्राची तशी दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ ला अमलात आली. वालधुनीचा पूर ओसरून तेव्हा दीड महिना झाला होता. काठावरच्या बाया अजून भिंतीवरचा चिखल खरवडत असतील, आणि दिल्लीत त्यांच्या लेकींच्या नावाची जागा कायद्यात झाली होती. ही बातमी त्यांच्या दारापर्यंत किती दिवसांनी पोहोचली असेल?

अन्नसुरक्षा कायदा २०१३ नुसार रेशनकार्डासाठी कुटुंबप्रमुख म्हणून घरातील सर्वांत मोठ्या स्त्रीचे नाव लावायचे आहे. २०१५ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत घर बाईच्या किंवा दोघांच्या नावे करायचे आहे. मुंबईच्या झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमांतही करार झोपडीधारक आणि त्याचा जोडीदार अशा दोघांच्या नावे करण्याची तरतूद आहे. कागदावर इतके आले आहे. ते आपल्या घरातल्या कागदावर आले आहे का, हे ज्याने त्याने आजच ट्रंक उघडून पाहावे.

अंबरनाथ, बदलापूर आणि पुढचा पावसाळा

विठ्ठलवाडीहून आम्ही वरच्या अंगाला गेलो. उल्हासनगरात २०१४ साली रात्रीच्या वेळी नदीत रसायन सोडले गेले आणि शेकडो रहिवाशांना उलट्या, चक्कर, श्वासाचा त्रास सुरू झाला होता. पाण्यावाचूनही आपत्ती येते ती अशी. अंबरनाथला देवळाच्या पायऱ्यांवर बसलो तेव्हा समोरचे पाणी पाहून आमच्यातल्या ताईंनी नाकाला पदर लावला.

बदलापूरला पोहोचल्यावर आठवण निघाली २०१९ च्या जुलैची. २७ तारखेला बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली. हजाराहून अधिक प्रवासी होते, त्यांत नऊ गरोदर स्त्रिया. आपत्ती निवारण दल, नौदल, स्थानिक तरुण, सगळे धावले आणि सर्वजण सुखरूप बाहेर आले. त्या गरोदर बायांची गणती झाली, त्यांच्यासाठी डॉक्टर आले, म्हणून हे जमले. गाडीतल्या बाईची मोजणी होऊ शकते, तर काठावरच्या वस्तीतल्या बाईची पावसाळ्याआधी का होऊ नये? कोणाला दिवस गेले आहेत, कोणती म्हातारी एकटी आहे, कोणाला चालता येत नाही, ही यादी करायला सरकारची वाट पाहावी लागत नाही. महिला मंडळाच्या दोन भगिनी वही घेऊन एका दुपारी ती करू शकतात.

वस्तीवस्तीत आम्ही जे बोललो ते वाचक बंधु-भगिनींसाठी थोडक्यात देतो.

रेशनकार्ड, आधार, फोटोपास, वीजबिल, बँकेचे पुस्तक आणि मुलांचे दाखले प्लास्टिकच्या पिशवीत एकत्र ठेवावेत. पिशवी कोठे आहे हे घरातल्या सर्वांना, मोठ्या मुलीलाही, माहीत असावे. त्यांच्या झेरॉक्स प्रती वस्तीबाहेर राहणाऱ्या नातेवाइकाकडे द्याव्यात.

रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून बाईचे नाव आहे की नाही ते पाहावे, नसल्यास शिधावाटप कचेरीत अर्ज द्यावा. घराच्या कागदावर दोघांची नावे लावून घ्यावीत. नवऱ्याने स्वतः हे केले तर त्याचा मान कमी होत नाही. बाईचे बँकेत स्वतःचे खाते असावे.

पंचनाम्याला माणसे आली की वस्तीतील दोन बायकांनी त्यांच्याबरोबर घरोघर फिरावे. विधवा, परित्यक्ता आणि भाडेकरू बाई यांचे नाव सुटत नाही ना हे पाहावे. शिलाई मशीन, धागे कापायचा माल, पापडाचे सामान वेगळे लिहायला सांगावे. मोबाइलवर नुकसानीचे फोटो काढून ठेवावेत. यादीची प्रत मागावी. नाव वगळले तर तहसीलदारांकडे लेखी अर्ज द्यावा व त्यात कलम ६१ चा उल्लेख करावा.

बुद्धविहार आणि समाजमंदिर ही पुरात आसऱ्याची ठिकाणे होतात. तेथे बायकांसाठी संडासाची, आडोशाची, दिव्याची सोय पावसाळ्याआधी करावी. विहाराच्या समितीत वर्षावासाची आणि जयंतीची वर्गणी ठरते, तशी आपत्तीच्या तयारीचीही एक बैठक व्हावी, आणि तीत निम्म्या बाया असाव्यात. भाकरी करायला स्वयंपाकघरात त्या असतातच. निर्णयाला सतरंजीवर असाव्यात.

मुलींना पोहायला शिकवावे. कोणी हसले तर हसू द्यावे.

१९९३ पासून नगरपालिकांत बायकांना राखीव जागा आहेत, महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या. आपल्या प्रभागात बाई निवडून आली असेल तर तिच्याकडे जावे, आणि तिच्या नवऱ्याशी नव्हे तर तिच्याशीच बोलावे. नाल्याची सफाई मे महिन्यात झाली का, भराव कोण टाकतो, हे तिला विचारावे. ती आपली आहे म्हणून गप्प बसू नये.

बदलापूरहून परतीची गाडी संध्याकाळची होती. डब्यात कामावरून सुटलेल्या बाया भाजी निवडत बसल्या होत्या. आमच्यातल्या एका ताईने शेजारणीला रेशनकार्डाचे विचारले. कार्डावर अजून वारलेल्या सासऱ्यांचेच नाव आहे, असे ती म्हणाली. अंबरनाथ येईपर्यंत अर्ज कसा लिहायचा ते तिला पाठकोऱ्या कागदावर लिहून दिले. समोरच्या बाकावरच्या आणखी दोघींनी तोच कागद वाचायला मागून घेतला. पुढच्या रविवारी आमच्या मंडळाच्या बहिणी काठावरच्या वस्तीत वही घेऊन बसणार आहेत. तुमच्या वस्तीत कोण बसणार ते ठरवा.

जयभीम.